उजवीकडची पकड

सिंगाटोकाच्या मैदानावर रग्बीच्या रेटारेटीत मान दबली आणि इसिकेलीचा उजवा हात मेल्यासारखा लोंबू लागला.

मध्यंतरात फिजिओ लितियाने त्याच्या बोटांना सुई टोचली. "कळतंय?"

"नाही, ताई."

"मानेतली नस दुखावलीय. पुन्हा धडकलास तर हात कायमचा जाईल. गुपचूप बस."

"फायनल आहे, ताई."

प्रार्थनेसाठी सगळ्यांनी हात धरून गोल केला. इसिकेलीने डोळे मिटले. उजव्या तळव्यात घट्ट, ऊबदार पकड जाणवली. हात परत आला, आता खेळता येईल, म्हणून तो सुखावला.

"आमेन."

त्याने डोळे उघडले. बधिर हात ओढला जाऊ नये म्हणून उजवीकडे कुणी उभंच राहिलं नव्हतं.

लितियाने पुन्हा सुई टोचली. ती त्याला कळली नाही.

पकड मात्र सुटली नव्हती. ती त्याला मैदानाकडे ओढू लागली.