न विकलेलं दूध

बोरिवलीच्या इस्पितळात कीर्तनकार भास्करबुवा आठवडाभर तापाने फणफणत होते आणि एकही औषध लागू पडत नव्हतं. आज डॉक्टरांनी बुवांच्या गावच्या नलिनीताईंना खाटेपाशी बोलावलं, तेव्हा शेजारी ताईंच्या आजारी गाईला इंजेक्शनं देणारे गुरांचे डॉक्टरही होते. तेच म्हणाले, “ताई, गाईच्या दुधातले आणि बुवांच्या रक्तातले जंतू एकच निघालेत. एवढ्या इंजेक्शनांनी निर्ढावलेत ते.” नलिनीताई उसळल्या, “सुया चालू असताना दूध विकू नका म्हणालात ना? थेंबभर विकलं असेल तर जीभ झडो माझी!” “मग टाकलंत कुठं?” “टाकू कशाला? गोराईच्या देवळात रोज अभिषेकाला दिलं. कच्चंच.” बोलता बोलता त्यांची नजर बुवांकडे गेली. अभिषेकाचं तीर्थ आधी कुणाला मिळायचं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. बुवा डोळे उघडून क्षीणसे हसले. “रागावू नका हो त्यांच्यावर. कीर्तनाआधी गळ्यासाठी मीच दोन पळ्या जास्त मागायचो.”