पडद्यावरची खाडी

मालवणच्या शाळेत १९८६ साली संगणक आला आणि तो शिकायचं काम चित्रकलेच्या शिक्षिकेवर, कावेरी खवणेकरवर, आलं. तिने प्रोग्रॅम लिहून त्यात मासे काढले. ते आपले आपण फिरत, खात, आपल्याहून जराशी वेगळी पिल्लं घालत आणि मरत. पण दर वेळी मोठे मासे लहानांना संपवत, मग स्वतः उपाशी मरत. पडदा रिकामा होई.

एका रविवारी तिने वडिलांना शाळेत नेलं. भिवा खवणेकर जन्मभर किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढत आलेले. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "हे अंडी खंय घालतत?"

"खंयव घालतत, बाबा."

"मगे मरतले नाय तर काय? तेंका एक खाडी दी. थंय मोठो मासो जावक नको."

कावेरीने एका कोपऱ्यात खाडी केली. त्या दिवशी मासे टिकले. काही दिवसांत पडद्यावर तिने कधीच न काढलेल्या आकाराचे मासे फिरू लागले. तीन वर्षांनी त्याच कामासाठी तिला जपानच्या संगणक-कलेच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. रजा मिळेना, तेव्हा तिने नोकरी सोडली.

निघताना ती किनाऱ्यावर गेली. समुद्र खरवडून नेणारे यांत्रिक ट्रॉलर आल्यापासून रापण रिकामीच वर येत होती. भिवा नुसते बसले होते.

"ह्या कोणी शिकवल्यान, असा थंय विचारतले. मी तुमचा नाव सांगतलंय."

"नाव सांगू नको गो," भिवा म्हणाले. "ते हंय बघूक इले, तर तेंका खंयचो मासो दाखवू?"