जांभळाच्या आड

"आंटी, तुमच्या जांभळाने माझ्या तिसऱ्या मजल्याची गॅलरी पार डागाळली. तोडा ते झाड, नाहीतर माझं मी बघतो," शेजारचा जॉयल कुंपणाशी येऊन म्हणाला. झाड आमच्या ह्यांनी लावलेलं. मी साफ नाही म्हटलं.

महिन्याभरात झाड उभ्याउभ्या वाळलं. मुळाशी अ‍ॅसिडचा वास येत होता. मी भांडले नाही. महापालिकेत गेले आणि झाड तोडायची रीतसर परवानगी काढली. चोरून कामं करायची सवय त्याला, मला नाही.

आज करवत सुरू झाली तसा जॉयल गॅलरीत येऊन उभा राहिला, दात काढत. खाली महापालिकेचे दोन साहेब उभे होते. एकामागून एक फांद्या उतरल्या, शेवटी बुंधा आडवा झाला आणि आमच्या गास गावच्या रस्त्यावरून जॉयलचं घर पहिल्यांदाच वरपर्यंत दिसलं.

"एका वाळक्या झाडासाठी दोन-दोन साहेब, आंटी?" त्याने वरून हसत विचारलं.

"झाडासाठी एकच," मी म्हटलं. "ते दुसरे साहेब तुझे मजले मोजायला आलेत."