आईच्या नावासकट

सत्यमनं प्रणयला कॉलर धरून घरातून फरफटत बाहेर आणलं आणि समोरच्या विहाराच्या पायरीवर असं आपटलं, की एक दात तिथंच पडला. तरी त्याचा राग उतरेना. कसा उतरेल? आत प्रणयची बायको अमृता फुटलेला ओठ धरून बसली होती, आणि तिला सोडवायला मधे पडलेल्या मनकर्णाबाईंच्या कपाळातून रक्ताची धार लागली होती. मिरची कुटायचा लोखंडी बत्ता प्रणयनं बायकोवर उगारला आणि घातला आईच्या डोक्यात. सख्ख्या आईच्या!

तोच बत्ता आता सत्यमच्या हातात होता.

चिकलठाण्याच्या त्या गल्लीत मनकर्णाबाईंना सगळे आक्का म्हणत. विहारात पंचशील शिकवता शिकवता निम्मी गल्ली त्यांनीच वाढवली. सत्यमची आई तर तो लहान असतानाच गेली. माणसानं कसं वागावं ते तो आक्कांकडं बघूनच शिकला. पोरं भांडली की आक्कांचा एकच कायदा. ज्याला मारायचं, त्याचं नाव घ्यायचं, त्याच्या आईच्या नावासकट. तरीही हात उठला, तर खुशाल मारा. आजवर कुणाचा उठला नव्हता.

आज मात्र सत्यमला कायदाबियदा काही आठवत नव्हतं. गुडघा प्रणयच्या छातीवर, बत्ता डोक्याच्या वर. "हरामखोरा, आक्कांवर हात टाकतो? आज मुडदाच पाडतो तुझा!"

लोक गोळा झाले, मोबाइल बाहेर निघाले. सोडवायला कुणी पुढं आलं नाही, आणि खरं सांगायचं तर सोडवावं असं कुणाला वाटतही नव्हतं.

"सत्या."

आक्का भिंत धरून घराच्या दारात आल्या होत्या. पदर रक्तानं भिजला होता.

"नाव घे त्याचं."

"तुम्ही मधी पडू नका, आक्का. ह्याला सोडत नाय मी."

"सोड कोण म्हणतंय? नाव घे, अन् मार."

"प्रणय!" सत्यम ओरडला. पुढचं तोंडातून निघेना. ज्या नावासाठी तो जीव घ्यायला निघाला होता, तेच नाव घ्यायचं होतं. "प्रणय... मनकर्णाबाईचा," तो कसाबसा म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. बत्ता घरंगळत नालीत गेला.

प्रणय उठून बसला. रक्त थुंकला आणि चक्क हसला. वाचला होता ना!

"आत्याबाई," मागून अमृता म्हणाली, "लेक वाचला तुमचा. पण मला रोज मारताना माझं नाव कोण घेतं?"

आक्कांनी सुनेकडं पाहिलं, लई वेळ पाहिलं. मग घराची पायरी उतरून त्या लेकासमोर उभ्या राहिल्या.

"घे तिचं नाव. तिच्या आईच्या नावासकट."

"जाऊ दे ना, आये," प्रणय तोंड फिरवून म्हणाला.

"सत्या, पोलिसांना फोन लाव."

डोळ्यात उतरलेलं रक्त आक्कांनी पदरानं पुसलं. मग विहारात पोरांना शिकवायच्या तशाच, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या,

"प्रणय. मनकर्णाबाईचा."

आणि त्यांचा हात उठला.