घरातला ॲडमिन

निवृत्त झाल्यावर सासूबाईंना संगीत रचायचं वेड लागलं. त्यांचं ते संगीताचं सॉफ्टवेअर उघडताना दर वेळी ॲडमिनचा पासवर्ड मागायचं, आणि घरातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरची ॲडमिन मी. माझ्या डोक्यावर शॅम्पू असला तरी हाक यायची, "अगं, पासवर्ड टाक ना! आणि आलीच आहेस तर नवीन चाल ऐकून जा." पासवर्ड मी टाकायचे. चाल मात्र सहा महिने "नंतर ऐकते हं" म्हणून ढकलत आले.

शेवटी परवा वैतागून त्यांनाच ॲडमिन करून टाकलं. "आई, आता सगळे अधिकार तुमच्याकडे. मला हाक मारायची गरजच नाही." खरंच दोन दिवस हाक आली नाही. सुटले बाई एकदाची!

आज ऑफिसच्या मीटिंगला दहा मिनिटं असताना मीटिंगचं ॲप अपडेट मागायला लागलं, आणि अपडेटसाठी ॲडमिनचा पासवर्ड. माझा टाकला, तर चालेना.

"आई, माझे अधिकार कुठे गेले?"

"मी काढले. घरात ॲडमिन एकच असावा, असं कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका व्हिडिओत सांगितलंय."

"बरं, मग तुमचा पासवर्ड टाका ना पटकन!"

 

सासूबाईंनी आपल्या कानांवरचे हेडफोन काढले, माझ्या कानांवर नीट बसवले आणि म्हणाल्या, "टाकते की. आधी बस. अकरा चाली आहेत."