नवी कातडी

किन्हीराजात घराला आग लागली तेव्हा सोजरबाईनं तान्ह्या लेकीला पेटत्या पाळण्यातून दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणलं. लेक तिच्या हातांवरच गेली. आज मंगरूळपीरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या भाजलेल्या तळहातांची शेवटची पट्टी सोडली आणि ते खूश झाले. "पहा बाई, आत जिवंत राहिलेल्या पेशी वाढल्या. एकीच्या दोन, दोनाच्या चार. जुनी कातडी सुटली, नवी आली." सोजरबाईनं गुलाबी तळहातांकडे पाहिलं. "अन् साहेब, ज्या कातडीनं म्या लेकीले धरलं, ते कुठी गेली?" "ती मेलेली होती, बाई. पट्ट्यांबरोबर टाकून दिली." "चाल, मोटार निंघून जाईन," नवरा इंद्रभान म्हणाला आणि तिला उठवायला त्यानं हात पुढे केला. तिनं आपले हात पदराखाली घेतले. "या हातायनं तिले कधी शिवलंच नाही," म्हणत ती तिथंच बसून राहिली.