आंबिलाचं मडकं

शिवशंकरनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि कोपीपुढं जमलेली भावकी पुढं सरकली.

येळवशीचा, म्हणजे रानात पूजा करून जेवायच्या वेळ अमावस्येचा दिवस होता. अहमदपूरच्या अलीकडं, त्या सगळ्या शिवारात घराघराच्या कडब्याच्या कोप्या उभ्या होत्या, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव आणि रानाची लक्ष्मी. किशनरावांच्या रानात मात्र सण कमी आणि पंचायत जास्त. आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन जो रानाला फेरी घालतो तोच ते रान कसतो, अशी त्यांच्या घराण्याची रीत. त्यांचा थोरला पोरगा शिवशंकर ख्रिस्ताचा झाला तसं त्यानं मडकं उचलणं सोडलं होतं, रान मात्र तोच कसत होता. यंदा किशनरावांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, आज थोरल्यानं मडकं उचललं नाही तर ते धाकट्याच्या डोक्यावर.

धाकटा वैजनाथ लातूरला नोकरीला. करडई कुठली आणि जवस कुठलं, हे त्याला सांगता आलं नसतं. पण या रानात रस्त्याकडेला किती प्लॉट पडतील ते तोंडपाठ होतं. आयत्या बिळावरचे नागोबा हल्ली इस्त्रीचा शर्ट घालून येतात.

धोंडाबाई मडकं घेऊन पुढं आली आणि पोराच्या कानाशी लागली.

"मनात तुझ्या येशूचंच नाव घे की रं. वरून नुस्तं मडकं उचल. मनातलं कुणाला दिसतंय?"

शिवशंकरनं मडकं हातात घेतलं. खोटं कशाला सांगा, त्याला ते उचलायचंच होतं. समोर घाट्याला आलेला हरभरा होता, त्याच्या हातचा. एक फेरी तर घालायची. देवाची मागून माफी मागता आली असती.

"हां, आलं बघा ताळ्यावर!" वैजनाथ हसला.

"थांब," किशनराव म्हणाले. "आधी समद्यांदेखत म्हण. त्या येशूचा आन् माझा काई संबंध न्हाई, आसं म्हण. मग उचल."

शिवशंकरचं तोंड उघडलं. पहिला शब्द जिभेवर आलासुद्धा. आणि मग त्याचं अंग तापलं. बापाचा राग आला, त्या हसणाऱ्या भावाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या त्या उघड्या तोंडाचा आला.

त्यानं मडकं आईच्या हातात परत दिलं.

"आबा, ह्या रानात मी हाडाची काडं केली. घ्या ते. द्या त्याला. पण हे मी म्हणणार न्हाई, मेलो तरी न्हाई. आन् मनात एक ठिवून तुमच्या लक्ष्मीम्होरं खोटं मडकं बी मिरवणार न्हाई. तुमाला लाज वाटाय पायजे, पोराला हे म्हणायला लावताय!"

"चालता हो!" किशनरावांनी रस्त्याकडं हात केला. "पुन्हा ह्या बांधावर पाय ठिवायचा न्हाई!"

मडकं वैजनाथच्या डोक्यावर गेलं. पहिल्याच ढेकळाला तो अडखळला, आंबील शर्टावर सांडली. कुणी हसलं नाही.

शिवशंकर बांध ओलांडून रस्त्याला लागला. डोक्यावरची चुंबळ त्यानं ओढून फेकून दिली. रडू येत होतं आणि रडायचा संताप येत होता.

"ओ पाव्हणं!"

मागून किशनरावांची हाक आली, खणखणीत, रागानं चिरकलेली. येळवशीला रानाजवळून कुणी उपाशी जाता कामा नये, मग तो ओळखीचा असो नाहीतर वाटसरू. ही रीत त्यांनी कधी मोडली नव्हती.

"पाव्हणं, जेवून जावा!"

पोटच्या पोराला पाव्हणं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. शिवशंकरला वाटलं, जावं तसंच निघून, मागं वळूनही बघू नये. पण तो वळला. वाटसरूंच्या पंगतीत, बिलोलीकडच्या एका टेम्पोवाल्याशेजारी जाऊन बसला. भाज्या-शेंगांची भज्जी आली, बाजरीचे वाफवलेले उंडे आले. सगळं कोपीत निवद दाखवलेलं, त्याला आता न चालणारं. टेम्पोवाला जेवायला लागला. शिवशंकरनं वाढणाऱ्याला हातानंच नको म्हटलं आणि दात आवळून रिकाम्या पत्रावळीकडं बघत बसला. भावकी बघत होती.

धोंडाबाई कोपीमागून तरातरा आली. पदराखालचा डबा काढून तिनं त्याच्या पुढ्यात आपटला. तिचे डोळे लाल झाले होते.

"गिळ मुडद्या," ती म्हणाली. "निवदाच्या आधीच भज्जी काढून ठिवलीय."